आठव्या घरातला घोळ

"भाऊजी, तुमच्या त्या अमेरिकेतल्या कणाचं पुढे काय झालं हो?"

जनकगंजातल्या आमच्या आणि वहिनींच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत आहे. ती कुणाच्या आजोबांनी बांधली याबद्दल दोन्ही घरांत वेगवेगळी माहिती मिळते. थंडीत ऊन तिच्याच माथ्यावर पडतं, म्हणून वहिनींचे मटार आणि माझा पेपर दोन्ही तिथेच येतात. वहिनी ग्वाल्हेरच्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयातून, निवृत्त झालेल्या. मध्य प्रदेशातल्या खजिन्यांचे हिशेब जिथे येऊन पडतात तिथे उमेदीची वर्षं घालवल्यामुळे दोन आकडे शेजारी दिसले की ते जुळतात का हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमची जोडी जमते ती एवढ्यावरच.

"कुठला कण?" मी उगीच वेळ काढला.

"असं काय करता! कोरोनाच्या दिवसांत तोंडाला फडकं बांधून इथे पेपर नाचवत आला होता. म्हणे भौतिकशास्त्राचा पाया हादरला, नवं काहीतरी सापडणार. मी ह्यांनासुद्धा सांगितलं. मग एकदम चिडीचूप. मोडलं की काय?"

"मोडलं नाही, जुळलं. तीच तर पंचाईत आहे."

वहिनींनी मटाराची शेंग अर्धी सोलून तशीच ठेवली. जुळण्यात पंचाईत असू शकते हे वाक्य ऑडिटवाल्या माणसाला ऐकवायचं म्हणजे सापाला पुंगी ऐकवण्यासारखं.

"त्या कणाचं नाव मुऑन," मी म्हणालो. "इलेक्ट्रॉनच्याच जातीचा, पण २०७ पट जड. आणि अल्पायुषी. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम दोन-सव्वादोन भाग जगतो."

"मग मोजतात कधी?"

"वेगात पळवला की त्याचं आयुष्य वाढतं, हा आइन्स्टाइनचा नियम. प्रयोगात तो तीसेक पट जास्त जगतो, तेवढ्यात मोजतात. आणि वहिनी, ही काही अमेरिकेतलीच चीज नाही. वरच्या हवेत अंतराळातले किरण आदळून मुऑन सतत तयार होतात. तुमच्या त्या तळहातातून आत्ताही दर सेकंदाला एखाददुसरा जातो आहे."

"भिंतीतूनही?"

"भिंतीतूनही."

"न विचारता," वहिनी म्हणाल्या आणि हात पदराला पुसला.

आता खरी गोष्ट सांगायला हवी होती. मुऑन हा एक चिमुकला चुंबक असतो. मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात सोडला की त्याची दिशा फिरत राहते. किती वेगाने फिरते हे ठरवणाऱ्या आकड्याला जी म्हणतात. पॉल डिरॅकने १९२८ साली इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यातून जी बरोबर दोन निघाला. म्हणजे जी मधून दोन वजा केले की खाली शून्य उरायला हवं.

"शून्य!" वहिनींचा चेहरा फुलला. "ते आमच्या किल्ल्यावरचं."

हे येणार याची मला खात्रीच होती. ग्वाल्हेरच्या माणसासमोर शून्य शब्द उच्चारला की तो तुम्हाला चतुर्भुज मंदिरात नेऊन उभा करतोच. किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं ते लहानसं देऊळ, त्यातला संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा लेख. देवाला फुलबाग दिली, तिची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा द्यायच्या, असा तो मजकूर. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आजही बोट ठेवून दाखवता येतं.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "बाग किती, माळा किती, दोन्ही आकडे दगडावर. कुणीही जाऊन तपासावं. यालाच हिशेब म्हणतात."

"पण मुऑनच्या बाबतीत खाली शून्य उरत नाही. १९४७ साली इलेक्ट्रॉनवर मोजून पाहिलं तर जी दोनहून किंचित जास्त निघाला. पुढच्याच वर्षी ज्युलियन श्विंगरने गणित करून दाखवलं की दोन वजा करून उरेल त्याचं अर्ध ०.००११६ यायला हवं. आलंही तसंच. कारण रिकामी जागा म्हणजे अगदीच रिकामी नसते. कणाच्या अवतीभवती क्षणभर दुसरे कण उमटतात नि विरतात, आणि प्रत्येकाचा त्या आकड्यावर थोडा थोडा परिणाम होतो."

"किरकोळ खर्च."

"हो. आणि गंमत अशी की ज्या कणांची आपल्याला अजून ओळखच नाही, त्यांचाही वाटा त्यात आपोआप पडलेला असणार. जेवढे कण ठाऊक आहेत तेवढ्यांचा हिशेब मांडायचा. मग प्रत्यक्ष मोजायचं. फरक निघाला तर..."

"तर कुणीतरी नोंद न करता खर्च केलाय." वहिनी सरळ बसल्या. "ही तर आमचीच तऱ्हा. खात्याची वही वेगळी, खजिन्याची वेगळी. दर महिन्याला दोघींचा ताळमेळ घालायचा. बरं, मोजलं कुणी?"

मोजणाऱ्यांची कथा मी रंगवून सांगतो, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे पन्नास फूट रुंदीचं एक चुंबकाचं वलय होतं. त्यात मुऑन फिरवून त्यांनी २००६ साली शेवटचा आकडा दिला. तो हिशेबापेक्षा थोडा जास्त होता, पण छातीठोकपणे बोलावं इतका नाही. मग ठरलं की वलय उचलून शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये न्यायचं, तिथे मुऑनचा पुरवठा भरपूर. ते वलय तोडता येत नव्हतं, काही मिलिमीटरपेक्षा जास्त वाकवताही येत नव्हतं. म्हणून २०१३ च्या उन्हाळ्यात ते अख्खंच्या अख्खं तराफ्यावर चढवलं, अटलांटिकच्या किनाऱ्याने फ्लॉरिडाला वळसा घालून नद्यांमधून वर आणलं आणि शेवटी रात्री रस्ते बंद करून मोठ्या गाडीवरून नेलं. एकूण ३,२०० मैल.

"आणि आमच्या बाड्यावरून एक रोहित्र हलवायचं तर वीजमंडळाला तीन महिने लागतात," आतून दादांचा, म्हणजे वहिनींच्या यजमानांचा, आवाज आला. दादा गप्पांत भाग घेत नाहीत, फक्त शेरे मारतात.

७ एप्रिल २०२१ ला फर्मीलॅबने पहिला आकडा जाहीर केला. मी पेपराच्या कोऱ्या कडेवर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. वर मोजलेला, जुन्या ब्रुकहेवनच्या मोजणीसकट: ०.००११६५९२०६१. खाली हिशेबाचा, जगभरच्या गणित्यांनी २०२० मध्ये एकत्र बसून काढलेला: ०.००११६५९१८१०.

वहिनींनी चष्मा नाकावर खाली ओढला. बोट एकेका अंकावरून सरकत गेलं. सात घरं सारखी. आठव्यात थांबलं. "वर दोन, खाली एक."

"आठव्या घरात घोळ!" दादा आतून. "मृत्युस्थान. लग्न करू नका म्हणावं."

"तुम्ही चहा प्या," वहिनींनी तिकडे न बघता सांगितलं. "भाऊजी, फरक शेवटच्या घरांत २५१ चा. सूट किती?"

हा प्रश्न ऐकून मला भरून आलं. इतकी वर्षं शिकवलं, पण आकडा दिल्याबरोबर त्याची सूट विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटला. प्रत्येक मोजमापाला आणि प्रत्येक गणितालाही एक मर्यादा असते, की खरा आकडा आमच्या आकड्याच्या एवढा आगेमागे असू शकेल. मोजणाऱ्यांची ४१, गणित्यांची ४३. दोन्ही मिळून ५९.

"मिळून चौऱ्याऐंशी नाही?"

"नाही. दोघांच्या चुका एकमेकींशी संगनमत करत नाहीत असं धरतात. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ."

"संगनमत नाही असं धरतात," वहिनी पुटपुटल्या. "बरं, पुढे."

"फरक सुटीच्या ४.२ पट निघाला. या लोकांचा संकेत असा की पाच पट निघाला तरच शोध म्हणायचं. नुसत्या योगायोगाने पाच पट फरक दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. म्हणून शोध लागला असं कुणी म्हटलं नाही. पण पेपरवाल्यांना ४.२ पुरले."

"आणि तुम्हालाही."

मी गप्प बसलो. तेवढ्यात गल्लीत ठेलेवाला ओरडला, "मटर ले लो, ताज़ा मटर!" वहिनींनी भिंतीवरूनच भाव विचारला, आपण सकाळी त्याहून महाग घेतल्याचं कळलं, आणि त्यांचा सगळा संशय मुऑनवर निघाला.

"एक सांगा. मोजणाऱ्यांना खालचा आकडा आधीच ठाऊक होता ना?"

"होता की. तो तर छापलेला होता."

"मग मी नाही मानत. माणसाला उत्तर ठाऊक असलं की हात आपोआप तिकडे वळतो. मार्चअखेरीला आमच्याकडे येणारे किती कागद असे जुळवलेले असत! आकडा जुळणं वेगळं, जुळवणं वेगळं."

वहिनींच्या या आक्षेपाला फर्मीलॅबकडे जे उत्तर आहे ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. मुऑन किती वेगाने फिरतो हे काढायला घड्याळ लागतं. त्यांनी मुख्य घड्याळाचा वेग मुद्दाम थोडासा बिघडवून ठेवला. नेमका किती बिघडवला हे प्रयोगातल्या एकालाही सांगितलं नाही. प्रयोगाशी संबंध नसलेल्या बाहेरच्या दोघांनाच तो आकडा माहीत. तो लिहून पाकिटात बंद केला आणि पाकिटं मोहोरबंद. शेकडो लोकांनी दोन-तीन वर्षं विश्लेषण केलं, भांडले, चुका काढल्या, पण खरं उत्तर काय येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी एकमताने 'आता आमचं काम संपलं, यापुढे काही बदलणार नाही' असं ठरवलं, तेव्हाच पाकीट फोडलं. जो आकडा आला तो छापला.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे असं घड्याळ आमच्या खजिन्यात बसवलं असतं तर अर्धे ट्रेझरी ऑफिसर रजेवर गेले असते." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी निघत नाही.

"पण मग," लगेच पुढचा प्रश्न, "हिशेब करणाऱ्यांना कोण तपासतं?"

इथे गोष्ट रंगते. कारण हिशेब करणारे काही कमी नाहीत. तोइचिरो किनोशिता म्हणून एक जपानी गृहस्थ अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होते. २०२३ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी गेले. त्यांनी आयुष्य या एका आकड्याला वाहिलं. मुऑनभोवती कण कसे उमटतात-विरतात याच्या आकृत्या काढून प्रत्येकीचं गणित करायचं. एक पायरी पुढे गेलं की आकृत्यांची संख्या भलतीच वाढते. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने पाचव्या पायरीचं गणित पुरं केलं तेव्हा आकृत्या होत्या १२,६७२.

"बारा हजार सहाशे बहात्तर व्हाउचर," वहिनी म्हणाल्या. "आणि एकही गहाळ नाही?"

"गहाळ नाही. पण एकदा दुसऱ्याच एका भागात, अशाच मातब्बर माणसांकडून, चिन्ह उलटं पडलं होतं."

"म्हणजे?"

"वजाचं अधिक. २००१ च्या फेब्रुवारीत ब्रुकहेवनने आकडा जाहीर केला, फरक २.६ पट. मोठा गाजावाजा. वर्षअखेरीला मार्सेलच्या कनेश्ट, निफेलर आणि त्यांच्या सोबत्यांनी सगळं नव्याने करून दाखवलं की प्रबळ बलाच्या एका छोट्या भागाचं चिन्ह सगळ्यांनीच उलटं धरलंय. किनोशितांनी आणि हायाकावांनी आपलं गणित पुन्हा उघडलं. संगणकाच्या आज्ञावलीत एका चिन्हाचा संकेत यांच्या समजुतीपेक्षा वेगळा होता, बस्स. दोघांनी महिन्याभरात छापून टाकलं की आमचं चिन्ह चुकलं होतं. फरक २.६ वरून दीडाच्या आसपास आला."

"जमेचं नावे टाकलं." वहिनींच्या डोळ्यांत चमक आली. "आमचा एक नियम होता भाऊजी. तफावत दिसली की चोर शोधायचा नाही. आधी आपलीच बेरीज पुन्हा करायची. चोर सापडतो शंभरात एकदा, हातचा विसरलेला सापडतो नव्याण्णव वेळा."

आत दादांनी रेडिओ लावला होता, कुणीतरी बिलासखानी तोडी आळवत होतं. दादा म्हणाले, "भैरवीच्या सुरांत तोडी करायची, तसं आहे हे." त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही लागला नाही, पण ग्वाल्हेरमध्ये संगीताच्या वाक्याला अर्थ विचारत नाहीत.

"उज्जैनला हेच झालं होतं," दादा बाहेर येऊन म्हणाले. हातात चहा होता. दादांच्या आजोळची मंडळी उज्जैनची असल्यामुळे जगात जे जे झालं ते आधी उज्जैनला झालेलं असतं. पण या वेळी मुद्दा पक्का होता. सवाई जयसिंगाने पाहिलं की पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह एका जागी नाहीत. म्हणून अठराव्या शतकात त्याने दिल्ली, जयपूर, उज्जैन अशा ठिकाणी दगडी यंत्रं बांधून घेतली. पुढे युरोपातून त्याने ला हिर नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं मागवली आणि ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली, तर चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची तफावत. साहेबाचं म्हणून त्याने मानलं नाही. उज्जैनची वेधशाळा नंतर ओस पडली. १९२३ साली आपल्या ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी ती दुरुस्त करवली, गो. स. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले, आणि १९४२ पासून तिथून ग्रहस्थितीचं पंचांग दरवर्षी निघतं.

"गणित आणि वेध जुळले तरच पंचांग," दादा म्हणाले. "नाहीतर कॅलेंडर." आणि चहा संपवून आत गेले.

वहिनींना मात्र मुऑनचा निकाल हवा होता. "चिन्ह सुधारलं, ठीक. पण २०२१ चे ते २५१? ते कुठे गेले?"

"त्यात सर्वांत अडचणीचा भाग प्रबळ बलाचा. अणूच्या गाभ्याला बांधून ठेवणारं बल. त्याचं गणित किनोशितांसारखं आकृत्या मांडून होत नाही. दोन वाटा आहेत. एक म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींचे जगभरचे प्रयोग घ्यायचे, त्यांच्या आकड्यांवरून हा भाग काढायचा. २०२० चा हिशेब असा केलेला. दुसरी वाट म्हणजे अवकाशाचे छोटे छोटे चौकोन पाडून महासंगणकावर सरळ समीकरणंच सोडवायची. ज्या दिवशी फर्मीलॅबने ४.२ पट फरक जाहीर केला, त्याच दिवशी, ७ एप्रिल २०२१ ला, बुडापेस्ट-मार्सेल-वुपर्टाल गटाचा दुसऱ्या वाटेचा हिशेब 'नेचर'मध्ये छापून आला. तो मोजमापाच्या पुष्कळ जवळ होता."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"आणि तुम्ही नाचवत आलात तो पेपर कुठला?"

तो अर्थातच पहिल्या बातमीचा होता. मथळे नेहमी फरकाला मिळतात, ताळमेळाला नाही. नवा कण सापडण्याची वाट बघणारेही कमी नव्हते. आपल्या हुजूरपागेच्या रोहिणी गोडबोल्यांनी, म्हणजे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक रोहिणीताईंनी, मानुएल ड्रीस आणि प्रोबीर रॉय यांच्याबरोबर २००४ साली अतिसममित कणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. तसले कण असते तर मुऑनच्या आकड्यात ते भर घालू शकले असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोहिणीताई गेल्या. वर्षभरातच निकाल लागला.

"लागला ना? मग सांगा."

२०२३ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या रशियन प्रयोगाने टकरींचा नवा आकडा दिला. तो त्याच पहिल्या वाटेच्या जुन्या प्रयोगांशी जुळेना, उलट महासंगणकवाल्यांच्या बाजूला झुकला. त्याच वर्षी फर्मीलॅबची मोजणी थांबली. मे २०२५ मध्ये गणित्यांनी नवा एकत्रित हिशेब छापला: ०.००११६५९२०३३, सूट ६२. आठवड्याभरात, ३ जून २०२५ ला, फर्मीलॅबने शेवटचा आकडा जाहीर केला. सगळी मोजमापं एकत्र धरून ०.००११६५९२०७१५, आधीच्याच मापात साधारण चौदा-पंधराची सूट. फरक उरला ३८, आणि दोघांची मिळून सूट ६३ च्या घरात. हे दोन्ही आकडेही मी कडेवर उतरवले. आठव्या घरात वर दोन, खाली दोन.

मला वाटलं वहिनी 'छान झालं' म्हणतील. त्यांनी पेपर ओढून घेतला आणि चार आकड्यांकडे बघत राहिल्या.

"मोजणी २०२१ ला २०६१, आता २०७१ आणि काहीतरी. म्हणजे जागची हलली नाही."

"नाही."

"हिशेब १८१० होता, तो २०३३ झाला. म्हणजे हिशेब हलला. वर सूट ४३ ची ६२ केली." त्यांनी चष्मा काढला. "भाऊजी, एक खातं दरवर्षी एक आकडा सांगतं, खजिना दुसरा. पाच वर्षांनी खातं म्हणतं, आम्ही पद्धत बदलली, आता तुमच्याशी जुळतं, आणि थोडी सूटही जास्त द्या. अशी फाइल माझ्या टेबलावर आली असती ना, तर मी त्या साहेबांना चहासुद्धा विचारला नसता."

खरं सांगायचं तर याच मुद्द्यावर जगभरचे लोक अडले आहेत आणि वहिनींनी तो मटार सोलता सोलता गाठला. मी गणित्यांची बाजू मांडली. की महासंगणकाचा हिशेब एका गटाने नाही, अनेक गटांनी स्वतंत्रपणे केला. त्यातल्या काहींनी आपलाच आकडा स्वतःपासून लपवून ठेवला, घड्याळवाल्यांसारखा. मोजणीकडे बघून कुणी हात वळवला, असं म्हणायला जागा नाही. पहिल्या वाटेचे प्रयोग एकमेकांतच भांडतात, म्हणून नव्या हिशेबात त्यांना बाजूला ठेवलं.

"चूक सापडली म्हणून बाजूला ठेवलं, की जुळत नाही म्हणून?"

"चूक अजून सापडलेली नाही. कॅलिफोर्नियातला एक प्रयोग, इटलीतला एक, रशियातला एक, तिघांचे तीन सूर. कुणाचं कुठे चुकतंय हे कुणी दाखवून दिलेलं नाही."

"मग मोजणीची वही मंजूर," वहिनी म्हणाल्या. "पण हिशेबाच्या दोन वह्या आपसात जुळत नाहीत. त्यातली एक खजिन्याशी जुळली म्हणून दुसरी फेकून द्यायची नसते. पॅरा उघडाच ठेवायचा. ती रक्कम उचंतात टाका."

तेवढ्यात मला ड्यूक विद्यापीठातल्या आशुतोष कोटवालांची आठवण झाली आणि मी तोंड उघडलं. "वहिनी, उलटंही एक प्रकरण आहे. डब्ल्यू नावाचा जड कण असतो. त्याचं वस्तुमान कोटवालांच्या पुढाकाराने फर्मीलॅबच्याच जुन्या टेवाट्रॉन यंत्रावर मोजलं."

"कोटवाल? आपल्यातले?"

"आडनावावरून सोयरीक जोडू नका. भारतीय वंशाचे, एवढं पुरे. ४२ लाख डब्ल्यू कण, दहाएक वर्षांचं विश्लेषण, इथेही उत्तर शेवटपर्यंत झाकून ठेवलेलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये छापलं: ८०,४३३.५, सूट ९.४, दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या मापात. सिद्धांत म्हणतो ८०,३५७, सूट ६."

वहिनींनी मनातल्या मनात वर्ग केले. "सहा-सात पट. मग पाया हादरला?"

"हादरला असता. पण त्यानंतर जिनिव्हाच्या यंत्रावर अ‍ॅटलास गटाने मोजलं, तो सिद्धांताच्या जवळ. २०२४ च्या सप्टेंबरात सीएमएस गटाने ८०,३६०.२ सांगितलं, सूट ९.९. जवळपास कोटवालांच्याइतकंच बारीक मोजमाप, आणि सिद्धांताशी चोख जुळणारं."

"मग चूक कोटवालांची?"

"ती दाखवता आलेली नाही. आणि टेवाट्रॉन २०११ सालीच बंद झालंय, पुन्हा मोजायची सोय नाही."

वहिनींनी उरलेल्या शेंगा टोपलीत झटकल्या. "म्हणजे इथे हिशेब एक आणि मोजण्या दोन. तिथे मोजणी एक आणि हिशेब दोन. जिथे दोन वह्या एकमेकींशी जुळत नाहीत तिथे तिसरी मागवायची, यावाचून दुसरा नियम नाही. तिसरी वही कोण लिहितंय?"

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत मुऑन इलेक्ट्रॉनांवर आदळवून तो अडलेला भाग तिसऱ्याच वाटेने काढायची तयारी चालू आहे. आणि जपानमध्ये तोकाईच्या जे-पार्क केंद्रात मुऑन आधी थंड करून मग लहानशा वलयात फिरवण्याचा वेगळाच प्रयोग उभा राहतो आहे. त्याचं ब्रुकहेवनच्या वलयाशी काहीही नातं नाही, म्हणून त्याचा आकडा खराखुरा स्वतंत्र असेल.

"कधी येईल?"

"हे दशक संपेल तेव्हा."

"तोवर पॅरा उघडा," वहिनी म्हणाल्या, आणि पेपराच्या कडेवर, चारही आकड्यांखाली, पेन्सिलीने बारीक 'प्रलंबित' लिहून खाली सही केली.